मालकाशी संपर्क साधा

गाडी पहिल्यांदा आपोआप सुरू झाली तेव्हा मी अंगणात लाखोळीची डाळ वाळू घालत होते. नऊला दहा मिनिटं कमी होती. वेळ पक्की आठवते, कारण ब्रह्मपुरीची एसटी त्याच वेळी आमच्या घरासमोरून जाते आणि तिची धूळ डाळीवर बसू नये म्हणून मी धोतर घेऊन उभी असते. एसटी गेली, धूळ बसली, तरी आवाज थांबेना. पाहते तर शेडमध्ये आमचीच गाडी चालू. आत कोणी नाही. बॉनेटवर मांजर झोपलेली, तीही दचकून उठून बसली होती.

मला वाटलं, ह्यांचंच काम. पण आमचे हे ओट्यावर अर्ध्या गालाला साबण लावून बसले होते आणि किल्ली माझ्या कमरेला होती.

"तूच चालू ठेवली असन रात्री," ते तिथूनच म्हणाले.

"रात्रभर चालू राह्यली असती तं आवाज नसता का आला?"

"मंग आता बंद कर."

डाळ झाकून मी जवळ जाईपर्यंत दहाएक मिनिटं झाली आणि ती स्वतःच बंद पडली. आतून मात्र थंडगार लागत होती. कोणीतरी माझ्यासाठी एसी लावून ठेवल्यासारखी.

गाडी जुनीच होती. मी नोकरीभर नर्स म्हणून जंगलातल्या गावांत फिरले, आधी सायकलवर, मग मोपेडवर, पावसात मागच्या सीटवर लसींचा डबा बांधून. निवृत्तीनंतर एवढीच हौस होती की दार लावून बसता येईल असं काही असावं. आमचे हे बल्लारपूरच्या कागद कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना चारचाकी चालवता येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी मी शिकले. नागपूरच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानातून ही लाल गाडी आणली. दुकानदार म्हणाला होता, "सिस्टर, ये गाडी नहीं, चलता-फिरता मोबाइल है." त्यानं दोन किल्ल्या दिल्या, कागद माझ्या नावावर करून दिले आणि वर एक पेढ्याचा डबा. मी समाधानानं आरमोरीला आले.

दुसऱ्या दिवशी नऊला दहा कमी, गाडी पुन्हा सुरू. तिसऱ्या दिवशीही. मी मिस्त्रीला बोलावलं. आरमोरीत त्यांच्या वडिलांपासून गॅरेज आहे, हात लावून गाडीचा ताप सांगणारा माणूस. त्यांनी स्टिअरिंगखाली एक छोटं यंत्र जोडलं, त्याच्या पडद्याकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "सिस्टर, गाडी म्हणून राह्यली, मी ठणठणीत आहो."

"अवं पण ती माणसाशिवाय चालू होते ना."

"तेच तं. तिच्या हिशोबानं माणूस आहे."

माझी मोठी नणंद आमच्याकडंच राहते. ऐकायला थोडं कमी येतं, पण भीती कशाचीच नाही. तिनं गाडीला लिंबू-मिरची बांधली, चाकांखाली राख टाकली आणि सरळ सांगितलं, "बसली आहे कोणी यात. बसू दे. खाऊन तं नाई राह्यली काई."

आठवडाभरात गल्लीला सवय झाली. नऊला दहा कमी असताना शेजारची दोन-चार माणसं कुंपणाला येऊन उभी राहू लागली. गाडी सुरू झाली की एकमेकांकडं पाहून मान हलवत आणि आपापल्या कामाला जात. एका म्हाताऱ्यानं तर घड्याळ लावून घेतलं. मी नाही हसले, कारण त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली. आदल्या दिवशी वारा होता म्हणून मी शेडचं दार ओढून घेतलं होतं. सकाळी नऊनंतर उघडलं तर आत धुराचा वास, आणि कोपऱ्यातल्या टोपल्याजवळ कोंबडी आणि तिची पिल्लं दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात होती. एक पिल्लू आडवं झालं होतं. मी त्यांना ओच्यात घेऊन बाहेर पळाले, मोकळ्या हवेत ठेवलं, पंख्यानं वारा घातला. सगळी वाचली. पण बंद खोलीत चालू इंजिनाचा धूर काय करतो हे मला नर्स म्हणून माहीत होतं. नणंदेची बाज उन्हाळ्यात त्याच शेडमध्ये असते. त्या दिवसापासून मी शेडचं दार उघडंच ठेवलं आणि बाज घरात आणली. भूत असो की बिघाड, त्याला हवा लागली पाहिजे.

मग तेरवी आली. आमच्या मागच्या गल्लीतले एक एसटी ड्रायव्हर वारले होते. मी गाडी त्यांच्या मांडवाबाहेर लावली आणि आत जाऊन बायकांत बसले. महाराजांनी दोन मिनिटं शांत बसायला सांगितलं. सगळे शांत बसले आणि बाहेर माझी गाडी भोंगा वाजवू लागली. पुंऽऽ पुंऽऽ पुंऽऽ. सोबत पुढचे-मागचे दिवे लागायचे, विझायचे. मी किल्लीवरची सगळी बटणं दाबली, काही उपयोग नाही. मला जमीन फाटावी असं झालं. एवढ्यात त्या ड्रायव्हरभाऊंची बायको उठली, मांडवाबाहेर आली आणि गाडीकडं पाहून म्हणाली, "असाच वाजवत. गल्लीत वळताना असाच वाजवत ना तुमी." आणि रडायला लागली. तिचं पाहून सगळा मांडव रडला. भोंगा थांबला तशी तिनं बॉनेटला हळद-कुंकू लावलं आणि पानावरचा पहिला घास गाडीपुढं ठेवला.

घरी येताना हे म्हणाले, "सांगून टाकाचं ना, गाडी बिघडली म्हणून."

"तुमीच सांगा जाऊन," मी म्हटलं. ते गेले नाहीत.

असं चाललेलं असताना कुरखेड्याच्या पुढं नात्यात एक बारसं निघालं. मी, हे आणि नणंद, तिघं सकाळी निघालो. नणंदेच्या मांडीवर बाळंतविड्याचं गाठोडं. कुरखेडा सोडलं की जंगल दाट होतं आणि फोनवरच्या दांड्या एकेक करून गळायला लागतात. एका वळणावर गायी आडव्या आल्या. एवढा मोठा कळप की संपेना. म्हटलं, बसू निवांत, आणि इंजिन बंद केलं. शेवटचं वासरू रस्ता ओलांडून गेलं, मी बटण दाबलं. दिवे लागले, पडदा लागला, इंजिन नाही. पडद्यावर लाल अक्षरं आली. यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "वाहन सुरक्षित केलं आहे. मालकाशी संपर्क साधा." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मालक तं तू आहेस. साध संपर्क."

मी काही बोलणार तेवढ्यात गाडीच्या छतातून एका मुलीचा गोड आवाज आला.

"नमस्कार. मी वाहन सुरक्षा केंद्रातून बोलत आहे. आपण सुरक्षित आहात का?"

आम्ही तिघांनी वर पाहिलं. नणंद म्हणाली, "कोण व?"

"या वाहनाच्या नोंदणीकृत मालकांनी वाहन चोरीला गेल्याची तक्रार केली आहे. वाहन सध्या आपल्या ताब्यात आहे का?"

"बाई, तू वरतं काऊन बसली?" नणंद छताला म्हणाली. "उतर खाली. आमी बारशाले जाऊन राह्यलो, तूबी चाल."

मी मध्ये पडले. म्हटलं, बाळा, ही गाडी माझी आहे, कागद माझ्या नावावर आहेत, डॅशबोर्डच्या कप्प्यात आहेत, दाखवू का? ती म्हणाली, "मॅडम, मला इथून दिसत नाही. आपण मालक असल्याची खात्री करण्यासाठी मालकांच्या मोबाइलवर एक क्रमांक पाठवला आहे. तो सांगा."

मी तिला माझा नंबर सांगितला आणि फोन पाहिला. काही नाही.

"नाई आला क्रमांक."

"मग मॅडम, आपण मालक नाही."

यांना राग आला. "अवं, पण ज्याच्या फोनवर क्रमांक गेला त्याले इचार ना तो कोण आहे!"

तिलाही ते पटलं असावं. "मी मालकांना या कॉलवर जोडते," ती म्हणाली. थोडा वेळ बासरी वाजली आणि मग छतातून एक म्हातारा, घाबरलेला, पण जरब असलेला आवाज आला. "कोण बोलतंय? माझी गाडी कुठं चाललीय? माझा मुलगा कुठं आहे?"

"कोणाचा पोट्टा?" नणंदेनं विचारलं.

"माझा मुलगा! सकाळी गाडी घेऊन गेला. फोन उचलत नाही. मी इथं सांगलीत दवाखान्यात बसलोय आणि माझी गाडी गडचिरोलीच्या जंगलात! हे बघा, मी पोलिसांना फोन लावतोय. तुम्हाला काय पाहिजे ते सांगा, पण पोराला हात लावू नका."

आम्ही बाळंतविडा घेऊन बसलेली तीन म्हातारी माणसं, आणि सांगलीत कोणीतरी आम्हाला पळवून नेणाऱ्यांची टोळी समजत होतं. पण त्या आवाजातली धाप मला ओळखीची होती. ब्लडप्रेशरच्या माणसाची धाप. सवयीनं माझा आवाज बदलला.

"भाऊ, आधी बसा. बसलात का? आता लंबा श्वास घ्या. सोडा. मी नर्स आहे. तुमचा मुलगा इथं नाही. इथं मी आहे, माझा नवरा आहे आणि माझी नणंद आहे. आता मला सांगा, तुमच्या गाडीचा नंबर काय?"

त्यांनी नंबर सांगितला. मी खाली उतरून आमच्या गाडीचा वाचला, परत आत येऊन छताला सांगितला. छतानं तो नंबर पुटपुटत परत म्हटला. मग हळूच म्हणालं, "ही... ही माझी जुनी गाडी. लाल आहे का हो?"

"लाल आहे."

"डाव्या दाराला आतून ओरखडा?"

"आहे."

"अहो, ही तर मी दोन वर्षांपूर्वी विकली!"

"मंग आता सोडा तिले," हे म्हणाले.

"सोडतो, सोडतो. थांबा, चष्मा कुठं..." आणि आवाज तुटला. मुलगीही गेली, बासरीही गेली. पडद्यावर लाल अक्षरं तेवढी राहिली. माझ्या फोनवर पाहिलं तर एकही दांडी नाही. सांगलीतले भाऊ आता बटण दाबत असतील, पण आमच्या गाडीला ते ऐकू येणार नव्हतं. बंदीचा हुकूम आला तेव्हा नेटवर्क होतं, सुटकेचा यायच्या वेळी गेलं.

पाऊण तास आम्ही तसेच बसलो. वाघाचा भाग, त्यामुळं फार लांब चालत जायची सोय नाही. मग धानाच्या तणसानं, पेंढ्यानं, भरलेली एक बैलबंडी आली. शेतकरीभाऊंनी बंडी थांबवून विचारलं, "पेट्रोल सपलं का जी?"

"नाई," हे म्हणाले, "परवानगी सपली."

मी त्यांना सगळं नीट सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, जसं काही रस्त्यावर रोज असल्या गाड्या सापडतात. मग म्हणाले, "टावर इथी येतच नाई. ते पुढं टेकरावर मोहाचं झाड आहे ना, त्याच्या खाली येते. आमचं सारं गाव तिथीच बोलते फोनवर. तुमी जा, बोलून या."

"आमाले नाई बोलाचं," मी म्हटलं. "गाडीले बोलाचं आहे. गाडीच तिथी न्या लागते."

त्यांनी गाडीकडं पाहिलं, बैलांकडं पाहिलं आणि जू बंडीपासून सोडवलं.

दोराचं एक टोक जुवाला, दुसरं गाडीच्या पुढच्या कडीला. मी स्टिअरिंगवर, हे बाजूला चालत, नणंद मागच्या सीटवर महाराणीसारखी. गाडी न्यूट्रलमध्ये हलली. आणि लगेच बोंब मारू लागली, टीं टीं टीं टीं, कारण पुढच्या सेन्सरला समोर काहीतरी दिसत होतं. पडद्यावर आलं, "समोर अडथळा. थांबा." अडथळा म्हणजे आम्हाला ओढणाऱ्या बैलांचे पुठ्ठे. अडथळा जितका जोर लावी तितकी गाडी जास्त ओरडे. डाव्या बैलानं मध्येच शेण टाकलं तेव्हा तर तिनं सूर बदलला. टेकराच्या चढावर शेतकरीभाऊ मागं वळून म्हणाले, "बाई, तिले सांगा ना, घाबरू नोको म्हणून."

मोहाखाली चार-पाच माणसं फोनवर बोलत उभी होती. कोणी धानाचा भाव विचारत होतं, एक बाई मुलीला रागावत होती. त्यांनी बोलणं न थांबवता बाजूला सरून गाडीला जागा करून दिली. शेतकरीभाऊंनी दोर सोडला. आम्ही वाट पाहू लागलो. वरून मोहाची फुलं टपटप बॉनेटवर पडत होती. थोड्या वेळानं लाल अक्षरं गेली, मी बटण दाबलं आणि इंजिन लागलं. बैल असे उधळले की शेतकरीभाऊ त्यांच्यामागं पार उतारापर्यंत पळाले. बाळंतविड्यातले दोन लाडू काढून मी त्यांच्यासाठी ठेवले, ते परत आल्यावर दिले.

आता माझा फोन वाजला. सांगलीचे भाऊ. सुरक्षा केंद्रातल्या मुलीनं माझा नंबर दिला होता, तोही बहुधा द्यायचा नसताना. मुलगा सापडला होता, न्हाव्याकडं बसला होता, फोन गाडीत. भाऊंना बोलताना लाज वाटत होती; सकाळी सांगलीतून निघालेली गाडी लगेच गडचिरोलीत कशी पोचेल, हे घाबरून त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी नुकतीच पुन्हा त्याच कंपनीची, पुन्हा लालच गाडी घेतली होती. मोबाइलमध्ये दोन्ही गाड्यांची चित्रं एकाखाली एक. "मी रोज सकाळी देवळात जायच्या आधी गाडी गार करायला मोबाइलवरचं बटण दाबायचो," ते म्हणाले, "आणि गाडी कधीच गार व्हायची नाही. तीनदा कंपनीत तक्रार केली. परवा बाजारात गाडी सापडेना म्हणून भोंग्याचं बटण दाबलं, तोही वाजला नाही. म्हटलं नवीन गाडीच नासकी निघाली."

"तुमची नाई वाजली," मी म्हटलं, "आमची वाजली. तेरवीत."

"अरे देवा," ते म्हणाले. मग म्हणाले, "ताई, एक विचारू? मघाशी घाबरून मी गाडीचा सगळा जुना प्रवास उघडून पाहिला. सगळं दिसतं इथं. दर गुरुवारी दुपारी ही गाडी आरमोरीच्या बाहेर एका राईस मिलच्या आवारात जाते. आणि तासभर पुढं-मागं, पुढं-मागं. त्यानंच मला जास्त भीती वाटली. तिथं काय चालतं?"

फोन स्पीकरवर होता. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"गुरुवारी तं तू बीपीच्या शिबिराले जातेस ना?"

खरं काय ते असं. मला गाडी मागं घेता येत नाही. सरळ कुठंही नेईन, पण मागं घेताना हात उलटे फिरतात. फाटकाचा खांब दोनदा गेला तेव्हा मी यांना सांगितलं की ट्रकवाल्यानं ठोकला. मग दर गुरुवारी शिबिराचं नाव सांगून राईस मिलच्या मोकळ्या आवारात, धानाच्या दोन पोत्यांमधून गाडी मागं घ्यायचा सराव करायची. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. नोकरीत माझ्या रजिस्टरात गावोगावच्या बायकांचं काय काय लिहिलेलं होतं. कोणाचं किती महिन्यांचं, कोणी नवऱ्याला न सांगता काय करून घेतलं. त्यातली एक ओळ माझ्या तोंडून कधी बाहेर गेली नाही. आणि माझा साधा गुरुवार सांगलीतल्या एका अनोळखी माणसाच्या खिशात, ठिपक्या-ठिपक्यांनी, महिनोन्‌महिने पडून होता. त्यानं तो आजवर वाचलाही नव्हता, हे अजूनच विचित्र वाटलं. कोणी वाईट माणूस असता तर? घर कधी रिकामं असतं, मी एकटी कोणत्या रस्त्यानं येते, सगळं होतं त्यात. त्या मोहाखाली, एवढ्या लोकांत, मला उघड्यावर अंघोळ करत असल्यासारखं वाटलं.

मी फोनवर खरं ते सांगून टाकलं. भाऊ म्हणाले, "अहो, मलाही येत नाही मागं घेता. मुलगाच घेतो." पुढं रस्ताभर हे स्वतःशीच हसत होते आणि मी वळून पाहिलं की खोकल्याचं नाटक करत होते.

बारशाला पोचलो तेव्हा नाव ठेवून झालं होतं.

भाऊंच्या मोबाइलमधून आमची गाडी काढायला दीड महिना लागला. कंपनी म्हणे, मालकाचा अर्ज पाहिजे. मी अर्ज केला तर म्हणे, तुम्ही मालक नाही. शेवटी भाऊंनी मालक म्हणून अर्ज केला की 'मी मालक नाही'. तो मंजूर होईपर्यंत आम्ही दोघांनी आमची व्यवस्था लावली. त्यांना कोणतं चित्र कोणत्या गाडीचं हे काही केल्या लक्षात राहत नव्हतं, म्हणून ते सकाळी आधी फोन करत. "ताई, बटण दाबतोय. शेड उघडी आहे ना? कोंबड्या बाहेर आहेत?" मी पाहून सांगायची, "दाबा." त्यात ते मला त्यांचं बीपीही सांगत आणि मी मीठ कमी करायला लावलं.

नंतर मिस्त्री म्हणाले, "सिस्टर, म्हणत असान तं तिची नेटची वायरच कापून टाकतो. ना कोणी ऐकन, ना कोणी पाहीन." मी दोन दिवस विचार केला. जंगलातल्या रस्त्यावर उलटलेल्या जीपमधली माणसं मी पाहिली आहेत, मदत यायला किती वेळ लागतो तेही. छतातली ती मुलगी अशा वेळी कामाची असते. वायर ठेवली. गाडी माझ्या नावावर, माझ्या मोबाइलवर घेतली. संकेतशब्द मी कुठं लिहून ठेवला नाही.

हे तिथंच बसले होते. म्हणाले, "माह्याबी मोबाइलात टाकून दे ना ते. तू कुठी आहेस ते समजत जाईन."

मी म्हटलं, "घरी आल्यावर इचारत जा. मी सांगत जाईन."